मानमंडळ आणि दक्षिणा

विद्यापीठातील अभ्यासात वरच्या क्रमांकावर असलेल्या विद्यार्थ्यांची निवड करून त्यांचे जे कायमस्वरूपी मंडळ उभारले जाते, त्याला अमेरिकेत ऑनर सोसायटी असे नाव आहे. मराठीत त्याला गुणवंतांचे मानमंडळ म्हणता येईल. अशा मंडळात केवळ इच्छा आहे म्हणून शिरता येत नाही. निमंत्रण यावे लागते, आणि त्यासाठी परीक्षेतील गुणांची एक मर्यादा आधीच ठरलेली असते. या प्रकारातील सर्वांत जुने मंडळ म्हणजे फाय बीटा कॅपा. ते व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ५ डिसेंबर १७७६ रोजी स्थापन केले. पुढे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी टाउ बीटा पाय हे मंडळ १८८५ साली निघाले आणि सर्व विद्याशाखांना खुले असलेले फाय कॅपा फाय १८९७ साली मेन विद्यापीठात सुरू झाले. फाय कॅपा फायच्या नियमानुसार पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी वरच्या १० टक्क्यांत असावा लागतो, तर त्याच्या आधीच्या वर्षातील विद्यार्थ्यासाठी ही मर्यादा साडेसात टक्क्यांची आहे. सभासद होणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, मंडळाचे चिन्ह वापरण्याचा अधिकार मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशाचे शुल्कही भरावे लागते.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. नारायणगाव-मंचर पट्ट्यातील बागायतदारांची मुले पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जातात आणि तेथे त्यांना अशी निमंत्रणे येतात, हा त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक जवळचा आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की या दोन तालुक्यांत पतसंस्था, ग्रामपंचायती, व्यापारी संघ आणि जातवार समाजसंस्था गुणगौरव समारंभ भरवतात, चौकात फ्लेक्स लागतात, आणि टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने मुलांना व्यासपीठावर बोलावून ट्रॉफी आणि गुलाबपुष्प दिले जाते. निवडलेल्यांची यादी करणे आणि ती चारचौघांत मिरवणे ही क्रिया दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून या यादीत नाव असावे की नसावे, आणि असल्यास कोणत्या अटीवर, या प्रश्नाच्या दोन बाजू येथे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडून मांडल्या आहेत. त्यांतील एक आंबेगावच्या पश्चिम भागातील जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक असून त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. दुसऱ्या याच परिसरातील वरिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिका आहेत, आणि गुरुजी त्यांना ताई म्हणतात.

प्राध्यापिकेची भूमिका अशी की मानमंडळाची गरज शहरातील विद्यार्थ्यापेक्षा तालुक्यातील विद्यार्थ्याला अधिक असते. पुण्यातील सुशिक्षित घरातल्या मुलाला काका-मामांच्या ओळखीतून जे सहज कळते, म्हणजे कोणती शिष्यवृत्ती कधी निघते, शिफारसपत्र कोणाकडे मागावे, संशोधनासाठी मार्गदर्शक कसा शोधावा, ते घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलाला कोणी सांगत नाही. “गुरुजी,” त्या म्हणाल्या, “असा मुलगा वर्गात पहिला आला तरी ते यश त्याला अपघातासारखे वाटते. पेपर सोपा गेला असेल, तपासणारा उदार असेल, अशी त्याची समजूत असते. त्याच्यासारख्याच वीस-पंचवीस मुलांबरोबर एका मंडळात त्याचे नाव आले, की आपण या रांगेतले आहोत ही खात्री त्याला पटते, आणि पुढचा अर्ज भरण्याचे धाडस तेथून येते.” ज्या देशात मंडळाचे नाव माहीत आहे तेथे नोकरीच्या किंवा संशोधनाच्या अर्जात त्याचा उल्लेख वाचला जातो, हा व्यावहारिक मुद्दाही त्यांनी जोडला.

गुरुजींनी हा मुद्दा नाकारला नाही, पण यादी ज्या मापाने होते त्या मापाबद्दल त्यांचा आक्षेप होता. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांतून घोडेगावला शिकायला येणाऱ्या मुलीचे उदाहरण त्यांनी घेतले. पहिली एसटी चुकली तर तिचे पहिले दोन तास बुडतात. भातलावणीच्या दिवसांत घरी हात कमी पडतात म्हणून ती आठवडाभर येत नाही. हिरडा गोळा करायच्या दिवसांतही तेच होते, कारण घरात रोख पैसा येण्याची ती थोडक्या संधींपैकी एक असते. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या अटीवर तिचे सत्र अडते, आणि त्यातूनही तिला अठ्ठावन्न टक्के गुण मिळतात. “आता ताई, मंचरमध्ये घराशेजारी शिकवणी असलेल्या मुलाचे ऐंशी आणि या मुलीचे अठ्ठावन्न एका रकान्यात मांडले, तर रकाना काय मोजतो? डोके मोजतो, की एसटीचे वेळापत्रक?” वरच्या १० टक्क्यांची रेघ ओढणाऱ्या मंडळाला हा फरक दिसत नाही, आणि जे मंडळ फरक पाहत नाही ते जन्माने मिळालेल्या सोयीवर गुणवत्तेचा शिक्का मारते, असे त्यांचे म्हणणे होते.

या आक्षेपाला इतिहासाचाही आधार आहे. फाय बीटा कॅपामध्ये जवळजवळ पहिली शंभर वर्षे एकही स्त्री नव्हती. १८७५ साली व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने प्रथम स्त्रियांना घेतले. या काळात स्त्रियांमध्ये गुणवत्ता नव्हती असे आज कोणी म्हणणार नाही. कॉलेजचे दार बंद होते, म्हणून यादीचेही बंद होते.

तरीही खरा वाद अमेरिकेच्या उदाहरणावर झाला नाही. तो झाला दक्षिणेवर, आणि ते स्वाभाविक होते, कारण विद्वत्तेचा मान करण्याची महाराष्ट्रातील एक मोठी आणि दीर्घकाळ वादात राहिलेली व्यवस्था तीच होती. दक्षिणा म्हणजे धर्मकृत्याबद्दल किंवा विद्वत्तेबद्दल ब्राह्मणाला दिलेले द्रव्य. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा जो ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या नावांबरोबर दक्षिणेच्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे हजारांतील आकडे कोरलेले आहेत, म्हणजे या प्रथेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब याच तालुक्याच्या हद्दीत दगडावर आहे. पुण्याच्या दक्षिणेचा उगम मात्र बराच अलीकडचा. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यानंतर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली, आणि पर्वतीजवळच्या रमण्यात देशभरचे ब्राह्मण तिच्यासाठी जमू लागले. वेदशास्त्राची परीक्षा देऊन जास्त दक्षिणा मिळवणारे त्यात होते, तसेच केवळ जन्माच्या हक्कावर रांगेत उभे राहणारेही होते. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी या रकमेचा एक भाग १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला.

“गुरुजी, १८४९ साली काय घडले ते पाहा,” प्राध्यापिका म्हणाल्या. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि पुण्यातील इतर सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा आणि त्यासाठी जातीची अट नसावी. सनातनी मंडळी या अर्जावर इतकी भडकली की अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अर्ज मान्य झाला आणि दक्षिणा प्राईज कमिटी अस्तित्वात आली. प्राध्यापिकेचा निष्कर्ष असा की या सुधारकांनी निधी बुडवा असे म्हटले नाही, यादी फाडा असेही म्हटले नाही. यादी कशाच्या आधारे करायची ती कसोटी बदला, एवढेच त्यांचे मागणे होते, आणि ते पदरात पडले. पुढे दक्षिणा फेलोशिप निघाल्या. फेलो म्हणजे विद्यावेतन घेऊन स्वतःचा पुढचा अभ्यास करणारा आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवणारा पदवीच्या पातळीवरचा विद्यार्थी. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते, दोघेही मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या बी. ए. तुकडीतले, आणि भांडारकर संस्कृतच्या अभ्यासाकडे वळले ते फेलो असताना. त्या म्हणाल्या, “निवडक लोकांना वेगळे काढणे हेच जर पाप असेल, तर भांडारकरांच्या अभ्यासाला मिळालेली ती सवडही आपण नाकारायला हवी. ते तुम्हाला मान्य आहे का?”

येथे गुरुजींनी जे उत्तर दिले ते या संवादातील सर्वांत वजनदार होते, असे नोंदवणे भाग आहे. ज्या कमिटीचे दार १८४९ च्या अर्जाने उघडले, त्याच कमिटीकडे १८५५ साली जोतीराव फुल्यांनी आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवले, आणि कमिटीने ते नाकारले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले. नाटकाचा विषयच मुळी एका कुणबी दांपत्याला जोशी कसा लुबाडतो आणि शिक्षण मिळाल्यावर त्यांचे डोळे कसे उघडतात, हा होता. कसोटी कागदावर बदलली तरी ती लावणारे हात तेच राहिले, तर बदललेली कसोटी कोणाच्या उपयोगी पडते, असा गुरुजींचा प्रश्न होता. ते नाटक छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. कमिटीचे दार बंद झाल्यावर फुले तेथे ताटकळत उभे राहिले नाहीत, याकडेही गुरुजींनी लक्ष वेधले. त्यांनी स्वतःच्या बळावर पुस्तके काढली, २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्या समाजाची मुळे ज्या भागात खोल गेली त्यांत जुन्नर तालुका आणि विशेषतः ओतूर हे गाव होते. येथील शेतकऱ्यांनी भटाशिवाय लग्ने लावली, तेव्हा गावजोश्यांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्टात धाव घेतली आणि तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. “म्हणजे ताई, ज्याची सेवा घेतली नाही त्यालाही पैसे मोजावेत असा तो दावा होता. आज परदेशातून पत्र येते की तुमची निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा. या पत्रात आणि त्या दाव्यात फरक किती?”

फरक आहे, आणि तो प्राध्यापिकेने नेमका दाखवला: जोश्याच्या दाव्यात नकार देण्याची मुभा नव्हती, येथे ती आहे. परंतु शुल्काच्या मुद्द्यावर त्यांनी बरीच माघार घेतली. अमेरिकेत या मंडळांचा इतका सुळसुळाट झाला की त्यांच्यावर काही मानके असावीत म्हणून १९२५ साली महाविद्यालयीन मानमंडळांची एक संघटना स्थापन करावी लागली, ही गोष्ट त्यांनीच सांगितली. विश्वासार्ह मंडळाची विद्यापीठात शाखा असते, तिच्यावर तेथीलच अध्यापक असतात आणि निवड विद्यापीठाच्या नोंदीवरून होते. उलट ज्या मंडळाचा पत्ता केवळ ईमेलपुरता आहे आणि निवडीचे निकष विचारले असता जे शुल्काची शेवटची तारीख कळवते, त्याचा मान हा विकत घेतलेला माल आहे. भारत सरकारच्या इन्स्पायर योजनेची तुलना त्यांनी येथे केली. बारावीच्या बोर्डात वरच्या १ टक्क्यात येऊन विज्ञानाच्या मूलभूत विषयांत पदवी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या योजनेतून वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती मिळते. निवड तीही कडकच, पण पैसा विद्यार्थ्याकडे येतो. निवड झाल्यावर पैसा कोणत्या दिशेने वाहतो, एवढे पाहिले तरी बऱ्याच मंडळांची पारख होते.

गुरुजींना मात्र निवडीपेक्षा सर्वांना खुले असलेले काम जवळचे वाटत होते. राष्ट्रीय सेवा योजना, जी २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, तिच्यात दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे शिबिर असते, आणि गुणांची अट नसते. मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय ज्या रयत शिक्षण संस्थेचे आहे, तिची परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या श्रमाच्या आग्रहातून आलेली आहे. कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयाची पुस्तके लावणाऱ्या किंवा बागेला पाणी देणाऱ्या मुलाला कोणी यादीत घालत नाही, पण महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात येणारे पैसे त्याच्या कामाचे असतात. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, आवारात २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने जे प्रदर्शन भरते त्याचेही उदाहरण त्यांनी दिले. पुठ्ठा आणि थर्माकोल चिकटवून केलेल्या प्रयोगामागे शाळकरी मुलगा उभा असतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांवर काम करणारा संशोधक त्याच्या टेबलाशी थांबतो आणि मराठीत विचारतो की ही मोटर उलटी का फिरते. मुलगा अडखळतो, वायर पुन्हा जोडतो, उत्तर देतो. त्या दोन मिनिटांत त्याला जे मिळते ते कोणत्याही ट्रॉफीत नसते, आणि त्यासाठी तो वरच्या १० टक्क्यांत असण्याची गरज पडत नाही.

प्राध्यापिकेने यावर जे म्हटले त्याने चर्चेचा रोख बदलला. खोडदचा तो मुलगा पुढे ज्या संशोधकाकडे काम करू इच्छील, तो संशोधकही शेवटी निवडूनच घेणार आहे. निवड कोठे ना कोठे अटळ आहे. ती उघड्या कसोटीवर होते की ओळखीवर, हा प्रश्न उरतो. तालुक्यात उघडी कसोटी नाहीशी केली की तिची जागा रिकामी राहत नाही, तेथे ओळख आणि आडनाव येऊन बसते, आणि त्याचा फटका पहिल्यांदा त्या अठ्ठावन्न टक्केवालीलाच बसतो. गुरुजींनी हे मान्य केले. मात्र मंडळाने निवडलेल्यांकडून काही काम घेतले पाहिजे, अशी अट त्यांनी घातली. जुन्नरच्या एका लेण्यातील लेखाचा दाखला त्यांनी दिला: धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे एका व्यवसायातील लोकांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचे तेथे कोरलेले आहे. त्या संघाचे सभासद कोण होते हे आज कोणाला ठाऊक नाही. खोल्या आणि टाके मात्र जागेवर आहेत.

दोन्ही बाजू तोलून पाहता निवडीच्या तत्त्वाबाबत प्राध्यापिकेची बाजू वरचढ ठरते आणि शुल्क व कसोटी यांबाबत गुरुजींची. दक्षिणा फेलोशिपचे जे अंग आज अनुकरणीय आहे ते नेमके या दोन मतांच्या मधले आहे: फेलोला निवडून घेतले जाई, त्याला पैसे मिळत आणि त्याला शिकवावे लागे. ओतूर, जुन्नर, मंचर आणि घोडेगाव येथील महाविद्यालयांना सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या छत्राखाली असे मंडळ काढणे अशक्य नाही. प्रत्येक वर्षी प्रत्येक विभागातून वरच्या गुणांची काही मुले आणि पहिल्या वर्षापासून सर्वाधिक प्रगती केलेली तितकीच मुले त्यात घ्यावीत, शुल्क शून्य असावे, आणि प्रत्येक सभासदाने आठवड्यातून एक संध्याकाळ जवळच्या आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात गणित अथवा इंग्रजी शिकवावे. न शिकवणाऱ्याचे नाव वर्षअखेरीस काढून टाकण्याची तरतूद नसेल, तर मंडळ काढण्याचा खटाटोप करू नये.

परदेशी मंडळाचे निमंत्रण हाती असलेल्या विद्यार्थ्याने पैसे भरण्यापूर्वी आपल्या विद्यापीठात त्याची शाखा आहे का, तिचे अध्यापक कोण आहेत आणि जमा शुल्कातून शिष्यवृत्तीवर किती खर्च होतो, हे लेखी विचारावे. आठवड्यात उत्तर आले नाही तर ती रक्कम पुस्तकांना लावावी. आणि या दोन तालुक्यांतील पतसंस्थांनी व ग्रामपंचायतींनी पुढच्या गुणगौरवाच्या यादीत टक्केवारीशेजारी आणखी दोन रकाने वाढवावेत, विद्यार्थी रोज किती अंतरावरून येतो आणि त्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारा तो कितवा, हे त्यांत लिहावे, आणि फ्लेक्स व ट्रॉफीचे पैसे वाचवून त्या यादीतल्या निदान दोन मुलांच्या खानावळीचे एका सत्राचे बिल भरावे.